मोर मिक्सरवर का नाचतो?

वाचकांचे प्रश्न : हलती सजावट

श्रावण लागला की या सदराची पत्रं बदलतात. एरवी गुरगुरणारे पंखे आणि मुकी झालेली रेडिओची डबडी; आता मात्र सगळ्यांना काहीतरी हलवायचं असतं. यंदा बहुतेकांना ते आवाजावर हलवायचंय. मिरजेत आमचं दुरुस्तीचं दुकान तंतुवाद्यवाल्यांच्या शेजाराला. एका तंबोऱ्याची तार छेडली की भिंतीला टेकवलेला दुसरा हळूच ओ देतो, हे मी परकर-पोलक्यात असल्यापासून बघत आले. त्यामुळे विषय आवडीचा. काही पत्रं घेते.

प्रश्न : ताई, गौरीच्या मागे पुठ्ठ्याचा मोर केलाय. आरती सुरू झाली की पिसारा फुलावा अशी कल्पना. साउंड सेन्सरचं कार्ड, आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरायचा चिमुकला बोर्ड) आणि निळी छोटी सर्वो मोटर (सांगितल्या कोनापर्यंत फिरणारी) असं सामान मागवून जोडलं. आरतीला तो कधी फुलतो, कधी नाही. मिक्सर लावला किंवा कुकरची शिटी झाली की मात्र हमखास. आणि एकदा सुरू झाला की थांबतच नाही. घरात हसं झालंय. — एक आजोबा, चिपळूण

उत्तर : आजोबा, तुमच्या मोराला तीन वेगवेगळी दुखणी आहेत, ती एकत्र केलीत तर डोकं फिरेल.

थांबत नाही, कारण तो स्वतःच्याच आवाजावर नाचतोय. सर्वो फिरताना घर्र करते, तुमचा माइक तिला चिकटून बसवलेला असणार, त्याला वाटतं आरती चालूच आहे. माइक मखराच्या पुढच्या कडेला आणा, मोटर मागे ठेवून तिच्याखाली जाड फोमचा तुकडा द्या. तेवढ्यानं भागत नाही. प्रोग्रॅममध्येच सांगायचं की मोटर फिरत असताना आणि ती थांबल्यावर पाव-अर्धा सेकंद माइककडे बघायचंच नाही.

दुसरं, आरतीला कधी फुलतो कधी नाही. ते निळ्या चौकोनी स्क्रूचं कार्ड बघितलंत? त्यावर एलएम ३९३ नावाची आयसी आहे. तिचं काम एकच, स्क्रूनं ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज गेला की 'हो', नाहीतर 'नाही'. आवाज केवढा, किती वेळ, कशाचा, हे तिला विचारू नका. त्याच कार्डावर दुसरी, चढउतार दाखवणारी पिन असते, पण माइकला आवाज वाढवून देणारं काही नसल्यामुळे तिच्यावरचा फरक नखाएवढा असतो. हे कार्ड बाजूला ठेवा आणि मॅक्स ४४६६ चं माइक-कार्ड घ्या. त्याच्या मागे बारीक स्क्रू असतो, त्यानं आवाज २५ पटीपासून १२५ पटीपर्यंत वाढवता येतो. दुकानदार मॅक्स ९८१४ पुढे करील, म्हणेल हे भारी आहे, आपोआप जुळवून घेतं. बोलणं रेकॉर्ड करायला भारीच आहे. पण घर शांत झालं की ते कान टवकारतं आणि पंख्याचा आवाजही मोठा करून देतं. आपल्याला नेमकं ते नको.

आता तिसरं आणि खरं दुखणं : मिक्सर. आवाजाची उंची मोजून आरती ओळखता येणारच नाही, कारण मिक्सर टाळ्यांपेक्षा मोठा आहे. ओळखायचा तो ठेका. दर ५० मिलिसेकंदांत आलेल्या मापांपैकी सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यांतला फरक काढायचा. असे आकडे ओळीनं स्क्रीनवर पळवा आणि नुसते बघत बसा. मिक्सर सुरू केलात की आकडा वर जाऊन तिथंच राहतो. शिटी वर जाते, काही वेळ टिकते, उतरते. टाळ्या-टाळांचे आकडे मात्र वर-खाली, वर-खाली. मध्ये दरी असतेच असते. मग अट घाला : चार शिखरं ओळीनं आली, दर दोन शिखरांमधलं अंतर पाव सेकंदाहून जास्त आणि दीड सेकंदाहून कमी असलं, आणि मध्ये दरवेळी आवाज खाली आला, तरच आरती. मिक्सर पाचव्या मिनिटालाही बाद होतो. नातवानं मुद्दाम ठेक्यात टाळ्या वाजवल्या तर मोर फसेल, आणि फसू द्या की.

पिसारा तीन सेकंद घेऊन सावकाश उघडा. झटक्यात उघडलेला पिसारा छत्रीसारखा दिसतो. उघडला की मोटर स्थिर, माइक पुन्हा ऐकायला लागतो. आठ सेकंद एकही टाळी आली नाही तर मिटायचा. सारखं उघड-मीट करत राहिलेला मोर मला मुळीच आवडत नाही, कबुतर वाटतो.

वजनाचं लिहिलं नाहीत, पण विचारते. तुमची निळी मोटर एसजी ९० असेल तर तिची ताकद १.८ किलो-सेंटीमीटर सांगतात. म्हणजे दांड्यावर १ सेंमीवर १.८ किलो, १० सेंमीवर फक्त १८० ग्रॅम. त्यातही निम्म्यावरच हिशोब धरावा. साठ ग्रॅमचा पिसारा, त्याचा भार १५ सेंमीवर येत असेल तर झाले ०.९, त्यापुढे तिचे प्लॅस्टिकचे दात निखळतात. धातूच्या दातांची एमजी ९० एस घेतलीत तर बरं. आणि पुठ्ठा भाद्रपदात तुमच्याकडे मान टाकतोच. तुमच्या अंगणात माड असतील, खराट्याचे हीर काढा. एकेका हिराला एकेक कागदी पीस, बुडाशी सगळे एका खिळ्यात ओवलेले, टोकांमधून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. मोटरनं फक्त कडेचा हीर ओढायचा, बाकीचे तंगुसामागून येतात. हीर लवचीक, त्यामुळे मोटर थांबल्यावरही टोकं थोडा वेळ थरथरत राहतात. ती थरथर कुठल्याही प्रोग्रॅमला लिहिता येत नाही.

मोटरला वीज आर्डुइनोतून देऊ नका. ५ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा जुना मोबाइल चार्जर वेगळा लावा, दोघांची ग्राउंडची (वजा बाजूची) वायर एकत्र जोडा आणि मोटरच्या दोन तारांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. त्याची पट्टी असलेली बाजू ग्राउंडकडे.

प्रश्न : माझ्या लहानपणी आमच्याकडे एक खेळणं होतं. कुंडीतलं फूल, डोळ्यांवर गॉगल, हातात गिटार. गाणं लावलं की वळवळायचं. तशी सोळा फुलं करून आरास करायची तर सोळा मोटरी लागतील का? — एक वाचक, वसई

उत्तर : ते जपानच्या टाकारा कंपनीनं १९८८ मध्ये काढलेलं 'फ्लॉवर रॉक'. नंतर त्याच्या नकला जत्रेजत्रेत मिळायच्या. दुकानात आलेल्या नकला मी उघडल्या आहेत. आत एक माइक, दोन-तीन ट्रान्झिस्टर, एक मोटर. मोटरला 'चालू' आणि 'बंद' यापलीकडे काही कळत नाही. नाचतो तो देठ, कारण तो लवचीक आहे. माझं या सगळ्या प्रकाराबद्दलचं मत यातच आलं : मोटरनं धक्का द्यावा, नाच वस्तूनं करावा. जिथे प्रत्येक हालचाल मोटर करते तिथे ती सजावट न राहता यंत्र दिसायला लागते.

तेव्हा सोळा मोटरी नकोत, एक पुरे. आणि फुलांऐवजी टांगलेले पक्षी करा असं सुचवते, कारण त्यात एक गंमत साधता येते. झोका घेणाऱ्या वस्तूचा वेळ दोऱ्याच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. शाळेतला लंबक आठवा. दोरा २५ सेंमी असेल तर जाऊन-येऊन एक सेकंद. ११ सेंमीला साधारण दोन तृतीयांश सेकंद. ६ सेंमीला जेमतेम अर्धा.

आता एका आडव्या काठीला कागदी पक्षी टांगा : काही २५ वर, काही ११ वर, काही ६ वर. काठी स्वतः दोन दोऱ्यांवर सैल टांगलेली. सर्वोनं दर टाळीला काठीला तीन-चार मिलिमीटरचा बारीक धक्का द्यायचा, बास. आरती संथ सुरू होते, सेकंदाला एक टाळी, तेव्हा लांब दोऱ्याचे पक्षी हळूहळू मोठा झोका घ्यायला लागतात, आखूडवाल्यांना एकाआड एक झोक्याला धक्का मिळून ते थोडे झुलतात, मधले नुसते कुजबुजल्यासारखे हलतात. लय चढली की लांबवाले गोंधळून मंदावतात आणि मधले उठतात. शेवटी टाळा-झांजांची घाई सुरू झाली, सेकंदाला दोन टाळ्या पडायला लागल्या, की आखूडवाल्यांची पाळी. एकच मोटर, एकच धक्का, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रत्येक पक्ष्याला वेगळं शिकवलंय. प्रत्येक लांबीला रंगात यायला दहा-बारा टाळ्या लागतात, तेव्हा आरती घाईत उरकणाऱ्यांच्या घरी हा खेळ जमायचा नाही.

दोन अटी. नुसता कागद झोका घेत नाही, हवा त्याला धरून ठेवते. प्रत्येक पक्ष्याच्या पोटात एक चिंचोका चिकटवा. लांबी दोऱ्याच्या गाठीपासून चिंचोक्याच्या मध्यापर्यंत मोजा. आणि पंखा बंद. पंखा चालू ठेवून आवाजावर हलणारी आरास करणाऱ्यांना मी काय सांगणार?

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मुलांनी आवाजावर हलणारी सजावट करावी असं वाटतं, पण सेन्सर-मोटरीला पैसे नाहीत. नुसत्या आवाजाच्या जोरावर कागदाची झिरमिळी हलेल का? — एक शिक्षक, अंबाजोगाई तालुका

उत्तर : सर, नाही हलणार. बोलण्यानं हवा किती सरकते माहीत आहे? साधारण ६० डेसिबलच्या, २०० हर्ट्झच्या आवाजाला मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढीही नाही. 'माझ्या आवाजानं पताका हलली' म्हणणाऱ्याच्या तोंडाची फुंकर पताकेला लागलेली असते.

पण पैसे नसणं ही इथे अडचण नाही. हालचाल बारीक आहे ना, मग ती उजेडानं मोठी करा. पुठ्ठ्याची रुंद नळी किंवा दोन्ही तोंडं कापलेला डबा घ्या. पत्र्याचा असेल तर कडा चिकटपट्टीनं झाका. एका तोंडावर फुगा कापून ताणून बसवा, रबरानं आवळा. त्या पडद्यावर घागऱ्याला लावतात तो एक आभला चिकटवा. मध्यावर नको. मध्यावर लावला तर आभला पुढे-मागे होतो आणि भिंतीवरचा ठिपका जागचा हलत नाही. मध्य आणि कड यांच्या निम्म्यावर लावा, म्हणजे पडदा फुगला की आभला कलतो. तो एक अंश कलला तर परतणारा किरण दोन अंश फिरतो, आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका दहा सेंटीमीटर सरकतो. दाराशी येणारी उन्हाची तिरीप आभल्यावर घ्या आणि दुसऱ्या तोंडातून 'आ' म्हणा. भिंतीवर ठिपका राहत नाही, रेघ होते, लंबगोल होतो, कधी आठाचा आकडा. 'आ' चा आकार वेगळा, 'ई' चा वेगळा, आणि वर्गात जो मुलगा कधी तोंड उघडत नाही तोही आपला आकार बघायला रांगेत उभा राहतो.

वीस डबे, वीस आभले, एका भिंतीवर वीस ठिपके. प्रार्थनेला सगळी भिंत उजळून हलते. स्नेहसंमेलनाला यापेक्षा वेगळी आरास लागत नाही. उन्हाऐवजी बॅटरी चालेल. लेझर पॉइंटर मात्र मुलांच्या हातात देऊ नका, आणि ठिपका कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही असा डबा बसवा, उन्हाचा असला तरी.

वरच्या वर्गांना पुढचं दाखवायचं असेल तर स्टीलच्या वाडग्यावर तसाच फुगा ताणून रांगोळीची चिमूट भुरभुरा आणि जवळ तोंड नेऊन, फुंकर न जाऊ देता, एक सूर धरा. सूर बरोबर लागला की रांगोळी नक्षीत बसते. जर्मनीच्या अर्न्स्ट क्लाडनीनं १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, कडेवर व्हायोलिनचा गज ओढून अशा नक्ष्या काढून दाखवल्या होत्या. गावात कुणाकडे तंबोरा असेल तर तारेवर कागदाची चिमुकली घडी घोड्यासारखी बसवा आणि शेजारी त्याच सुरात गा. घडी उडून पडते. सूर थोडा ढळला तर ढिम्म बसून राहते, आणि गाणाऱ्याला मुलांसमोर तोंड लपवावं लागतं.

प्रश्न : आमच्या मंडळाचा हलता देखावा आहे, चार मावळे तलवारी उगारतात. ढोलाच्या ठोक्यावर तलवार पडली पाहिजे. वायपरच्या मोटरी लावल्यात, पण ठोका आणि तलवार जुळत नाही. — मंडळाचे कार्यकर्ते, पुणे

उत्तर : जुळणार नाहीच. वायपरची १२ व्होल्टची मोटर ताकदीला उत्तम, पण तिला गती घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो. तिच्याकडून मान डोलवणं, घोड्याचं शेपूट, झेंडा, असली संथ कामं घ्या. ठोक्याला गाडीच्या सेंट्रल लॉकिंगचा ॲक्च्युएटर, म्हणजे दाराचा लॉक ओढणारा दांडा, वापरा. १२ व्होल्टवर दोन-एक सेंटीमीटर झटक्यात सरकतो; तलवारीच्या मुठीजवळ जोडलात तर टोकाला हातभर फरक पडतो. त्याला वीज क्षणभरच द्यायची, धरून ठेवलीत तर जळेल.

ढोल आणि ताशा वेगळे करायला माइकपुढे साधी चाळणी : १.५ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सुमारे १०६ हर्ट्झच्या वरचं कमी होत जातं. एका टप्प्यानं ताशा पुरता जात नाही, मागे १५ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा दुसरा लावा. आता ठोका उशिरा का पोचतो ते : आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. पथक गल्लीच्या तोंडाशी, ३४ मीटरवर, आणि माइक देखाव्यात असेल तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा उशीर तिथेच झाला. पथकाजवळ उभं राहून बघणाऱ्याला तेवढा खटकतो. गर्दी तिकडे असेल तर माइक पथकाजवळ न्या आणि वायर देखाव्यापर्यंत ओढा. हे सामान तापकीर गल्लीत मिळेल, लॉकिंगचं सोडून. ते गाड्यांच्या सामानवाल्याकडे.

रात्री दहानंतरचंही आत्ताच ठरवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र दहा ते सहा. सवलतीचे दिवस वर्षाला मोजके. ढोल थांबले की माइक देखाव्यात आणा, चाळणी काढून टाका (तिच्यातून टाळ्या जात नाहीत), माइकचा स्क्रू वाढवा आणि बघायला आलेल्या पोरांच्या टाळ्यांवर तलवारी सोडा. माझ्या अंदाजानं गर्दी त्याच वेळी जास्त थांबेल.

प्रश्न : लग्नात सनईवर आपोआप हलणाऱ्या मुंडावळ्या करता येतील का? तापवली की आक्रसणारी, आवाज न करणारी तार मिळते असं वाचलं. — एक भावी नवरी, ठाणे

उत्तर : मिळते, निकेल-टायटॅनियमची. पण ती काम करते ७० ते ९० अंशांना, आणि ती तू कपाळावर बांधणार? वर बॅटरी अंबाड्यात? मुंडावळ्या मान हलली की हलतात, तुझी मान त्या दिवशी दर मिनिटाला कुणी ना कुणी हलवणारच आहे. ती तार मांडवातल्या कागदी फुलपाखरांना लाव, पंख अगदी बिनआवाज मिटतात.

प्रश्न : आईला ऐकू येत नाही. दाराची बेल वाजली की तिच्या खुर्चीसमोरचं तोरण हलावं असं काही करता येईल का? दिवा लावून बघितला, दिवसा लक्ष जात नाही. — एक मुलगी, नाशिक रोड

उत्तर : नक्की येईल, आणि चिपळूणच्या मोरापेक्षा सोपं आहे. बेलच्या २३० व्होल्टच्या वायरींना हात लावू नका, त्यांची गरज नाही. माइकही नको, नाहीतर टीव्हीवर तोरण हलेल आणि आई दार उघडायला उठेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पितळी पिझो चकती (थरथरली की बारीकशी वीज देणारी) मागा, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, दोन वायरी लावलेली. ती बेलच्या प्लॅस्टिकच्या डबीला बाहेरून घट्ट चिकटवा. चकतीला हवेतला आवाज फारसा कळत नाही, तिला डबीची थरथर कळते. त्यामुळे बेल वाजली तरच सिग्नल. चकतीच्या दोन वायरींमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडा, मग त्या आर्डुइनोच्या ॲनालॉग, म्हणजे चढउतार मोजणाऱ्या, पिनला आणि ग्राउंडला. दार आपटल्यावर भिंतीतून एखादा झटका येतो, म्हणून थरथर अर्धा सेकंद टिकली तरच मोजा.

तोरण सगळं हलवायची गरज नाही. मधलं एकच पान वेगळ्या रंगाचं, सर्वोवर, आणि ते सावकाश नको, दोनदा झटकन. नजरेच्या कडेला झटका पटकन कळतो, संथ डोलणं कळत नाही. पाच सेकंद थांबून पुन्हा दोनदा, असं मिनिटभर चालू ठेवा, कारण त्या वेळी आई भाजी निवडत असू शकते. तोरण खुर्चीतून समोर दिसतं हे तुम्ही स्वतः तिच्या खुर्चीत बसून तपासा, तिच्या उंचीवर डोकं आणून.